रोप लावणीनंतर मान का टाकतं? आणि परदेशातलं पहिलं वर्ष



गेल्या महिन्यात गावाकडच्या दोन-तीन मुलांचे मेसेज आले. सगळ्यांचा प्रश्न एकच. "ताई, पीएचडीला जर्मनीला यायचंय. तिकडं रुळायला किती दिवस लागतात?" मी "बोलू नंतर" म्हणून टाळत राहिले, कारण खरं उत्तर व्हॉट्सॲपवर मावणारं नव्हतं. आज ते माझ्या संशोधनाच्या वाटेनं सांगते.

मी लोणी देवकरची. पुणे-सोलापूर हायवेला एमआयडीसी लागते, ते आमचं गाव. सध्या ग्योटिंगेनला असते. विषय असा: खारवट मातीत रोपं तग कशी धरतात?

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पाणी आलं, पुढं ऊस वाढला आणि जमिनीवर पांढरं मीठ फुटायला लागलं. पुण्याच्या शेती कॉलेजातले हॅरॉल्ड मान यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९१० सालीच नीरा खोऱ्यातल्या खारजमिनींवर अहवाल लिहिला होता. कारण साधं आहे. पाणी भरपूर दिलं आणि निचरा नसला, की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते. उन्हानं पाणी उडून जातं, त्यातलं मीठ मात्र वरच राहतं.

रोपाला नक्की काय होतं?

राणा मन्स आणि मार्क टेस्टर या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये याची छान मांडणी केली. रोपाला त्रास दोन टप्प्यांत होतो.

पहिला टप्पा लगेच सुरू होतो. मातीतल्या पाण्यात मीठ वाढलं की मुळांना ते पाणी ओढून घेणं जड जातं. समोर पाणी आहे, पण पिता येत नाही! मीठ अजून पानात पोचलेलंही नसतं, तरी नवी पानं फुटायची मंदावतात. रोप मग पेशींमध्ये प्रोलीन, साखर असले पदार्थ साठवून पाणी आत ओढायची सोय करतं. त्यात बरीच ताकद खर्च होते.

दुसरा टप्पा सावकाश येतो. काही दिवसांनी, आठवड्यांनी सोडियम जुन्या पानांत साठत जातो. पानं पिवळी पडतात, वाळतात. जुनी पानं वाळण्याचा वेग नवी फुटण्यापेक्षा जास्त झाला, की रोप संपलं.

माझा पहिला प्रयोग याच ठिकाणी फसला. टोमॅटोच्या रोपांना मी ठरलेलं सगळं मीठ एकाच दिवशी देऊन टाकलं. दुपारपर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या. आमच्या मॅडमनी एवढंच विचारलं, "किती पायऱ्यांत दिलंस?" प्रयोगशाळेत साधारण रोज २५ किंवा ५० मिलिमोलर असं चढवत नेतात. एकदम दिलं तर आपण रोपाची सहनशक्ती मोजत नाही, नुसता धक्का मोजतो.

आता माणसाचं

परदेशातला पहिला टप्पा सगळ्यांना दिसतो. इथं घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला 'आन्मेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, म्हणून खोली ठरवतानाच तो देणार का ते विचारा. टॅक्सचा नंबर पोस्टानं येतो, तेव्हा टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा. आरोग्यविमा सक्तीचा आहे. रविवारी दुकानं बंद असतात. मला हे माहीत नव्हतं, पहिला रविवार बिस्किटांवर काढला. ही सगळी कामं एकाच आठवड्यात उरकायला जाऊ नका. रोज एक पायरी. दोन-तीन महिन्यांत हा टप्पा पार पडतो.

दुसऱ्या टप्प्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. आपलं गाव साधारण १८ अंश उत्तरेला, ग्योटिंगेन साडेएक्कावन्न. डिसेंबरात गावाकडं ११ तास उजेड असतो, इथं जेमतेम ८. हिवाळ्यात ऊन इतकं तिरपं पडतं की त्वचेत ड जीवनसत्त्व नीट तयार होत नाही. घड्याळ गावापेक्षा साडेचार तास मागं, त्यामुळं मी लॅबमधून सुटेपर्यंत गावाकडं झोपाझोप झालेली. यातलं एकेक काहीच नाही. पण साठत जातं.

आई फोनवर विचारायची, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "हो." जानेवारीत दोन आठवडे मी लॅबला गेलेच नाही. घरी सांगितलं, काम फार आहे. शेवटी लॅबमधल्या मैत्रिणीनं ओळखलं आणि विद्यापीठाच्या समुपदेशकाकडं नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. पण खरा फरक पडला तो आईला खरं सांगितल्यावर.

ती रागावली नाही. म्हणाली, "आपल्या खालच्या तुकड्यात मीठ फुटलं, तेव्हा तुझ्या आजोबांनी पण दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. वरनं पाणीच देत राहिले. चर काढल्यावर जमीन सुधारली."

मी शिकलेली, पण हे मला सुचलं नव्हतं. नुसतं पाणी देऊन मीठ जात नाही, त्याला वाट काढून द्यावी लागते. मीही तेच करत होते. आणखी काम, आणखी तास, निचरा कुठंच नाही. आता रोज दुपारी, गावाकडं संध्याकाळ असते तेव्हा, १५ मिनिटं घरी फोन करते. "जेवलीस का"ला खरं उत्तर देते.

एक मात्र लक्षात ठेवा. रोपाची आणि माणसाची तुलना इथपर्यंतच चालते. रोपाला जागा सोडता येत नाही, आपल्याला येते. सगळं करूनही जमलं नाही आणि परत आलात, तर तो पराभव नाही. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहेच. चांगलं संशोधन घराजवळही होतं.

तर, किती दिवस लागतात? कागदपत्रांना तीन महिने. बाकीच्याला मला दोन हिवाळे लागले. तुम्हाला कमी लागतील, जर पहिल्याच हिवाळ्यात कुणाला तरी खरं सांगितलंत तर.