यात्रेच्या निमित्ताने गावी

बेळगाव-खानापूर भागात एखाद्या गावची लक्ष्मीयात्रा ठरली, की देवीच्या आधी गावात रंगाचे डबे येतात. रंगाऱ्याच्या मागोमाग गवंडी आणि सुतार. जी भिंत गेली आठ वर्षे पोट काढून उभी होती आणि जिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती, तीही यात्रेच्या तोंडावर सरळ होते. खानापुरी कौले उतरतात, पत्रा चढतो. ज्याचा मुलगा गोव्यात किंवा पुण्यात बरा कमावतो त्याचा स्लॅब पडतो. एकीकडे पंचांची बैठक बसून घरामागे वर्गणी ठरते. दुसरीकडे घरातली म्हातारी माणसे बोटांवर मोजू लागतात: थोरली लेक, धाकटी लेक, दोन आत्या, वारलेल्या आत्याच्या मुली, मुंबईचा चुलत भाऊ आणि ज्याच्याशी बांधावरून बोलणे बंद आहे तो सख्खा भाऊ.

ही यात्रा दरवर्षीची नव्हे, आणि तिचे मर्म तिथेच आहे. कुठे पाच वर्षांनी, कुठे बारा वर्षांनी, तर काही गावांत वीस-पंचवीस वर्षांचाही खंड पडतो. गणपतीला किंवा दिवाळीला नाही जमले तर ‘पुढच्या वर्षी येतो’ असे म्हणता येते. लक्ष्मीयात्रेला तसे म्हणण्याची सोय नाही. बारा वर्षांनी आई असेल का, हा विचार मनात आल्यावर रजेचा अर्ज आपोआप लिहिला जातो. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातून घडलेला जवान सरहद्दीवरून धडपडत येतो तो यासाठीच. गावाकडची माणसे काळ मोजतात तोही असाच. ‘मागच्या यात्रेला ही पाळण्यात होती’, ‘आप्पा गेले त्याच्या आदल्या यात्रेला’. कॅलेंडरापेक्षा हा हिशेब पक्का असतो. करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मोठ्या गर्दीवर बंदी आली तेव्हा यात्रेची वाट बघत असलेल्या घरांतली काही म्हातारी माणसे ती न पाहताच गेली. त्यांच्या लेकींना आजही ही रुखरुख आहे.

गावाला परतणाऱ्यांची वाट आमच्या भागात जरा वाकडीच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात, म्हणजे पुढे महाराष्ट्रात, राहिला. तालुके वेगळे झाले तरी सोयरिकी थांबल्या नाहीत. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडची मुलगी आजही चंदगडात नांदायला जाते, तिकडची इकडे येते. त्यामुळे एकाच घरातल्या दोन बायका यात्रेला निघाल्या तर गंमत बघा. इकडे दिलेली बहीण कर्नाटकची रहिवासी, तिला जून २०२३ पासून सरकारी बस फुकट. तिकडे दिलेल्या बहिणीला महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेवर तापले, तेव्हा काही दिवस दोन्हीकडच्या गाड्या हद्दीअलीकडेच थांबत होत्या. अशा वेळी भाऊ मोटारसायकल घेऊन हद्दीवर जातो आणि बहिणीला पिशवीसकट मागे बसवून आणतो. राजकारण आपल्या जागी, देवीची ओटी आपल्या जागी.

यात्रेचे दिवस कसे जातात ते वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. देवीचे लग्न लागते, अक्षता पडतात, भंडारा उधळत होन्नाट होते, रथ निघतो, देवी गदगेवर बसते. मग ओटी भरायला लेकींची रांग लागते. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. चाळिशी उलटलेली, शहरात स्वतःची गाडी चालवणारी बाईसुद्धा त्या रांगेत उभी राहिली की कुणाची तरी लेक होते. ‘अगं, तू थोरल्या तात्यांची न्हवं? बस की गं जरा,’ असे म्हणून एखादी आजी तिचा हात धरते आणि हातातला हात सोडतच नाही. नवऱ्याच्या नावाने ओळखायची सवय झालेल्या बाईला वडिलांच्या नावाने कुणीतरी हाक मारते. यात्रेतले माझ्या मते सगळ्यात मोठे सुख हेच.

पण याच दिवसांत घरातली सून पहाटे चारला चुलीपुढे असते. आज पुरणपोळी नाहीतर हुग्गी, उद्या मटण आणि भाकरीची चळत. पाहुणे दीडशे म्हटले तरी अडीचशे जेवतात, कारण पाहुण्यांचे पाहुणेही येतात. पुरुषमंडळी सोप्यावर पान लावून सीमाप्रश्नापासून ऊसदरापर्यंत सगळे सोडवत बसतात, आणि दहा-बारा वर्षांनी आलेली नणंद भावजयीशी चार शब्द बोलते ते ताट मागण्यापुरते. त्या सुनेच्या माहेरची यात्रा कधी असते, ती तिला जायला मिळते का, हे सासरी फारसे कुणी विचारत नाही. एखाद्या वर्षी दोन्ही गावच्या यात्रा लागोपाठ आल्या तर तिचा प्रश्न परस्पर निकालात निघतो.

खर्चाबद्दलही बोलले पाहिजे. घराची डागडुजी, कपडे, जेवणावळी, लेकींचा मान, यापायी सोने गहाण पडते, सोसायटीचे किंवा बचत गटाचे कर्ज निघते. ‘आमच्याकडे काही करू नका’ असे फोनवर सांगणारे पाहुणे पुष्कळ. त्याने काही होत नाही. तांदळाचे एक पोते, तेलाचा डबा किंवा मांडवाचे भाडे आपल्या अंगावर घेणारा भाऊ-बहीण विरळा. पण ज्या घरात अशी माणसे आहेत तिथे यात्रेनंतरची भांडणे कमी होतात, हे आम्ही पाहिलेले आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला घेतला ती. सगळे एकत्र जमलेले असतात, वातावरण मऊ झालेले असते आणि मग एखादा भाऊ घडी घातलेला कागद काढतो. ‘आक्का, सही करून ठेव, तू परत कवा येणार?’ वडिलांच्या शेतीवरचा हक्क सोडल्याचा तो कागद असतो. ओटीचा नारळ अजून पदरात असतो, दारात पाहुणे असतात. नाही म्हणणारी बहीण यात्रेला गालबोट लावणारी ठरते. म्हणून ती सही करते. बरे, कागद कन्नडमध्ये. इकडची पहाणी आणि खरेदीखते कन्नडात, आणि लग्न होऊन कोल्हापूर-पुण्याला गेलेल्या बहिणीला सातबारा वाचता येतो, पहाणी नाही. आपण कशावर सही केली हे तिला कित्येकदा ठाऊकच नसते.

हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत की नको, यावर नंतर बरीच वर्षे वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्याच्या निकालात तशी अट नसल्याचे सांगून तो मिटवला. स्थावरावरचा हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्राची उपनिबंधक कार्यालयात रीतसर नोंदणी व्हावी लागते. घरात केलेल्या सहीने ते काम पुरे होत नाही, पण मने मात्र त्याच सहीने तुटतात. कुणी हक्क घ्यावा, कुणी सोडावा हे आम्ही सांगणार नाही. जन्मभर शेतात राबलेल्या आणि आई-वडिलांचे आजारपण काढलेल्या भावाचीही बाजू असते, आणि अनेक बहिणी ती समजून आनंदाने हक्क सोडतात. मात्र तो विषय यात्रेच्या मांडवात काढू नये. आधी कागदाची नक्कल पाठवावी, तिला ती मराठीत कुणाकडून तरी वाचून घेऊ द्यावी, दोन महिने विचार करू द्यावा. माझ्या ओळखीच्या एका घरात थोरल्या भावाने हेच केले. बहिणीने अर्धा एकर मागितला, बाकीचा हक्क सोडला आणि आपल्या वाट्याचे भात दरवर्षी भावानेच करून खावे असे सांगितले. तिचे म्हणणे एवढेच होते की गावाच्या कागदावर आपले नाव राहावे.

मित्रांचे मात्र असे कागद नसतात. तिथे अडचण वेगळी. शाळेच्या बाकावरचा मित्र गावात राहून रताळी आणि भात पिकवतो, आपण परगावी नोकरी करतो. भेट झाल्यावर पाच मिनिटे गळाभेट, दहा मिनिटे मास्तरांच्या छड्या, आणि मग दोघेही गप्प. हल्ली दहावीच्या बॅचेसचे स्नेहमेळावे जोरात आहेत. एकाच रंगाचे शर्ट, फेटे, गुरुजींचा सत्कार, फोटो. त्याला नावे ठेवायचे कारण नाही. कित्येक गुरुजींना आयुष्यात पहिली शाल तिथेच मिळते. तरी मनापासूनचे बोलणे मला दिसले ते कामात. रथाचा दोर ओढताना, रात्री वाढप्यांच्या पंगतीत शेवटी जेवताना, विहिरीवर मोटार बिघडली म्हणून दोघे चिखलात उतरले असताना. एरवी ‘साहेब’ म्हणणारा मित्र तेव्हा विसरून शाळेतल्या नावाने शिवी हासडतो. ज्या मराठी शाळेत हे दोघे शिकले तिथे आज एका वर्गात किती मुले आहेत, हा विषयही अशाच वेळी निघतो. आणि शहरातून आलेल्याची स्वतःची मुले कोणत्या माध्यमात आहेत, हे मित्राने न विचारणे त्याच्या भलेपणावर असते.

शेवटच्या दिवशी देवी शिवेकडे निघते. तिची पाठ फिरली की स्टँडवर पिशव्यांची गर्दी होते. कुणाच्या पिशवीत कुंदा, कुणाच्या रताळी, कुणाच्या गोणपाटात नवा तांदूळ. पाहुणे एकाच दिवसात ओसरतात आणि मागे उरतात खरकटी पातेली, उसने आणलेले घंगाळ, शामियान्याचे बांबू. बहुतेक लेकी त्या दिवशी गेलेल्या असतात. एखादी थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद-भावजय विहिरीवर पातेली घासायला बसतात, घरात पुरुष नसतात, आणि गेल्या बारा वर्षांत आईचे दुखणे कसे गेले, कोणी किती रात्री जागून काढल्या, हे पहिल्यांदा सविस्तर सांगितले जाते. पातेली घासून झाली तरी दोघी तिथेच बसलेल्या असतात.