खेड्यातला फोन स्वस्त, मग बिल महाग कसं?

खेड्यातल्या टेलिफोनचं भाडं शहरापेक्षा कमी असतं, म्हणजे सरकारनं आपल्याला सवलतीत फोन दिला, असं आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. युरियाची गोणी स्वस्त मिळाली म्हणून एकरी खर्च कमी झाला असं आपण म्हणत नाही. बियाणं, मजुरी, वाहतूक सगळं धरून हिशोब करतो. फोनचा हिशोबही तसाच करायला हवा. कृषी सहायक होऊन टेलिफोनवर का लिहितोय, असं काहींना वाटेल. पण बाजारभाव, हवामान, औषधाचं प्रमाण, पीक विम्याची तक्रार यातलं काहीही आता फोनशिवाय होत नाही. म्हणजे फोन हे शेतीचंच अवजार झालं, आणि अवजाराचा दर बघणं हे आमचं कामच आहे.

आधी घरच्या फोनची, म्हणजे तारेच्या फोनची जुनी पद्धत समजून घ्या. भाडं ठरायचं ते एक्स्चेंजच्या क्षमतेवर. शे-दोनशे लाइनचं एक्स्चेंज असेल तर भाडं कमी, लाखभर लाइनचं असेल तर जास्त. यामागचा विचार पटण्यासारखा होता. लोकल कॉलच्या दरात जितक्या जास्त माणसांशी बोलता येतं, तितका तो फोन जास्त कामाचा. मोठ्या शहरात लाखो फोन लोकलमध्ये येतात, म्हणून तिथं भाडं जास्त. गावात शंभर घरीच फोन, म्हणून भाडं कमी.

पण गावात त्या शंभर घरी फोन करायचाच कशाला? बांधावरून हाक मारली तरी माणूस येतो. आपल्याला फोन लागतो तो बाजार समितीला, जिल्ह्याच्या दवाखान्याला, बँकेला, कॉलेजात शिकणाऱ्या पोराला. आणि ही सगळी ठिकाणं लोकलच्या बाहेर!

लोकल कुठपर्यंत?

टेलिफोन खात्यानं देशाचे साधारण तालुक्याएवढे दोन हजार सहाशेच्या वर तुकडे पाडले होते. एका तुकड्याच्या आत बोललं की लोकल, बाहेर गेलं की एसटीडी. लोकलचा पल्स मिनिटांचा असायचा, लांबच्या कॉलचा सेकंदांचा. आता समजा लोकलचा पल्स तीन मिनिटांचा आहे आणि लांबचा तीस सेकंदांचा. तीन मिनिटं बोलणं झालं तर लोकलवाल्याच्या मीटरवर एक आकडा पडला, एसटीडीवाल्याच्या सहा. बोलणं तेच, वेळ तीच. भाड्यात वाचलेले पैसे अशा चार-सहा कॉलमध्ये निघून जायचे.

मुंबईचं उदाहरण घ्या. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईला एकच कोड, ०२२. बोरिवलीचा व्यापारी वाशीच्या घाऊक बाजारात टोमॅटोचा भाव विचारायचा तो लोकल कॉलमध्ये. तोच टोमॅटो पिकवणारा जुन्नर तालुक्यातला शेतकरी वाशीला विचारायचा तो एसटीडीत. माल आपला, भाव त्यांचा आणि भाव विचारायचा खर्चही आपलाच. किंवा गडचिरोली जिल्हा घ्या. सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटर. कलेक्टर तोच, जिल्हा परिषद तीच, पण कार्यालयात फोन करायचा म्हणजे परगावी फोन केल्यासारखा. ज्याच्या गावात कमी सोयी, त्याला लांब फोन जास्त लागतात. आणि लांबचा फोनच महाग. दरपत्रक कुणी मुद्दाम वाईट हेतूनं केलेलं नव्हतं. पण ते शहरात बसून केलेलं होतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

म्हणून तर पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रात्री उशिरा रांग लागायची. रात्री पाव दर असायचा. ज्यांचे भाऊबंद मुंबई-पुण्याला होते त्यांना ही रांग आठवत असेल.

खर्च खराच आहे

दुसरी बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर आपलं म्हणणं एकांगी होईल. शहरात एका इमारतीत पन्नास फोन, केबल एकच. वाडी-वस्तीवर एका फोनसाठी दोन-तीन किलोमीटर तार, खांब आणि खोदाई. तार तुटली की लाइनमनची चक्कर. म्हणजे खेड्यातली लाइन टाकायला आणि सांभाळायला शहरापेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो, आणि उत्पन्न कमी. हे नाकारून चालणार नाही.

हा खर्च कमी करण्याचं मोठं काम सी-डॉट या सरकारी संस्थेनं केलं. ही संस्था १९८४ साली स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. तिनं १२८ लाइनचं लहान ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं आणि १९८६ मध्ये आपल्या शेजारच्या कर्नाटकात, कित्तूरला ते पहिल्यांदा बसवलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. उन्हाळ्यात पत्र्याखाली चालणारं यंत्र म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तरी तूट राहायचीच. ती कुणी भरायची? १९९९ पर्यंत ती मुख्यतः एसटीडी आणि परदेशी कॉलच्या पैशातून भरली जायची. लांबचे कॉल महाग ठेवायचे आणि भाडं, लोकल कॉल स्वस्त ठेवायचे. त्या वर्षी दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, नवा दर आदेश काढला आणि १ मे १९९९ पासून गाडी उलट्या दिशेला वळवली: एसटीडी खाली, भाडं वर. तेव्हा पुष्कळ ओरड झाली. पण लांबच्या कॉलवर जास्त अवलंबून असणारा खेड्यातला माणूस त्या आदेशात पूर्ण तोट्यात नव्हता, असं माझं मत आहे.

पुढं १ मे २००३ पासून मोबाइलवर येणारा कॉल फुकट झाला आणि १ मार्च २००६ पासून बीएसएनएलनं 'वन इंडिया' योजनेत देशभर रुपया मिनिटानं बोलायची सोय केली. अंतराची भिंत तिथं पडली. सिरोंचा आणि बोरिवली निदान दरपत्रकावर तरी एका ओळीत आले.

खेड्यांसाठी वेगळा निधीही झाला. १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवेचं धोरण लागू झालं, आणि दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम ग्रामीण सेवेसाठी वेगळी काढायचं ठरलं. आज त्याला 'डिजिटल भारत निधी' म्हणतात. कंपन्या हे पैसे खिशातून देत नाहीत, ग्राहकाच्या बिलातूनच ते जातात. म्हणजे आपणही ते भरतो. वरती अठरा टक्के जीएसटी आहेच. कित्येक वर्षे या निधीतला मोठा भाग खर्चाविना राहिला. म्हणून ग्रामीण सेवेसाठी कुणी पुढं आलं तर 'उपकार' हा शब्द वापरू नका. पैसे आधीच घेतलेले आहेत.

अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यात हेच तत्त्व लिहून ठेवलं आहे: खेड्यातल्या माणसाला शहरासारखीच सेवा आणि शहराशी तुलना होईल असाच दर मिळाला पाहिजे. तिथले शेतकरीही सुरुवातीला कंपन्यांच्या नावानं बोटं मोडत बसले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी काहींनी शेताच्या काटेरी तारेच्या कुंपणावरूनच फोन जोडले होते!

आताचा दर आणि आताचा अन्याय

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलवर कितीही बोला, जास्तीचा पैसा नाही. मग रडायचं कशाला? रडायचं नाही, हिशोब करायचा. २०२४ सालचे ट्रायचे आकडे बघा. शहरात शंभर माणसांमागे एकशे तीसच्या वर जोडण्या, खेड्यात साठच्या आत. आणि तारेच्या, म्हणजे घरच्या फोनच्या दहा जोडण्यांपैकी नऊ शहरात. दर सगळ्यांना सारखा, पण मिळतो कुणाला?

घरच्या फोनचं रूपही बदललं. जुन्या तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून यायची. गावची लाइट गेली तरी फोन चालू राहायचा. आताच्या फायबरच्या फोनला घरातल्या डब्यासाठी वीज लागते. लाइट गेली की फोन गेला. भारनियमन असलेल्या गावात हा फोन दिवसातले काही तास बंदच. शहरातला ग्राहक तेवढंच भाडं देतो आणि चोवीस तास वापरतो. त्यात ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलचे ७८ हजारांवर कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीवर गेले, त्यात आपले ओळखीचे लाइनमनही होते. दुरुस्तीला आता माणूस येतो, पण कधी येईल ते विचारू नका. माझ्या मते घरच्या फोनचा रास्त दर ठरवायचा तो चालू राहिलेल्या दिवसांवर. महिन्यात दहा दिवस बंद राहिलेला फोन पूर्ण भाड्यात घेणं म्हणजे बारा लिटरच्या पैशात आठ लिटर दूध घेणं.

मोबाइलच्या बाबतीत एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज म्हणजे महिन्याचा रिचार्ज नव्हे. अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे तीनशे चौसष्ट. वर्षाला बारा नाही, तेरा वेळा पैसे जातात. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं आदेश काढला की प्रत्येक कंपनीनं किमान एक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवलाच पाहिजे. दुकानदार तो आपणहून सांगत नाही, मागावा लागतो. तसंच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना इंटरनेट लागत नाही, तरी त्यांच्या रिचार्जमध्ये डेटाचे पैसे असतात. डिसेंबर २०२४ च्या नियमानं फक्त बोलणं आणि मेसेज एवढ्यापुरता प्लॅन देणं कंपन्यांना बंधनकारक झालं, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. आपल्याकडे पैसा येतो सुगीला. सोयाबीन किंवा कांदा विकला की आजीच्या फोनचा वर्षाचा रिचार्ज एकदाच मारून टाकावा. भर पावसाळ्यात, खताच्या तोंडावर पैशाची अडचण असताना फोन बंद पडत नाही.

तक्रारीचंही तसंच. फोन बंद पडला की लाइनमनला मिस कॉल देऊन थांबू नका. कंपनीच्या तक्रार केंद्राला कळवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. बंद दिवसांची भाड्यातली सूट लेखी मागा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अपील करता येतं, त्याला फी नाही. आणि ग्राहक मंचाचं दार बंद आहे असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालते.

शेतीचा सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक सकाळी सहा ते रात्री दहा चालतो आणि तो फुकट आहे. २००४ पासून आहे, तरी अर्ध्या गावाला माहीत नसतो.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांसाठी दोन शब्द. भारतनेटची फायबर दोन लाखांवर ग्रामपंचायतींपर्यंत पोचल्याचं कागदावर आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी १ लाख ३९ हजार कोटींवर रक्कम मंजूर केली. आपल्या कार्यालयातली ती पेटी उघडून बघा: दिवा लागतो का, बॅटरी आहे का, वीज बिल कुणाच्या नावावर आहे. मी फिरतो त्या भागात काही पेट्यांची किल्लीच सापडत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठरावात नुसतं 'इंटरनेट मिळावे' असं लिहू नका. गावात फायबरच्या किती जोडण्यांची मागणी आहे, कोणत्या वस्त्या सुटल्या, मागच्या तीन महिन्यांत सेवा किती दिवस बंद होती, हे आकडे घाला आणि तक्रार क्रमांकांची यादी मागे जोडा. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, एक बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्यायला विसरू नका.