देवळालीचे बार्न्स स्कूल : एका अल्पसंख्याक शाळेचे आवार

अँग्लिकन पंथाची, मुलामुलींना एकत्र शिकविणारी खासगी निवासी शाळा म्हणून नाशिकजवळच्या देवळाली येथील बार्न्स स्कूलचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. कोगनोळी-निपाणी भागातील आपणा शिक्षकांना ते दूरचे वाटेल. परंतु राज्यघटनेच्या कलम ३० ने धार्मिक आणि भाषिक अशा दोन्ही अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि कर्नाटकात मराठी भाषकही अल्पसंख्याकच आहेत. आपल्या समाजासाठी काढलेली शाळा इतरांची कशी होते, हा प्रश्न म्हणून येथे दुहेरी ठरतो.

मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी १८१५ मध्ये बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. गरीब युरोपीय व मिश्र वंशाच्या मुलांना शिकविणे हा तिचा मुख्य उद्देश होता. एतद्देशीयांच्या शिक्षणाचे काम १८२२ मध्ये निराळ्या संस्थेकडे गेले. पुढे भायखळा येथे सोसायटीच्या शाळा भरू लागल्या. तेथील निवासी विद्यार्थी १९२५ मध्ये देवळालीच्या मोकळ्या हवेत हलविण्यात आले व नव्या शाळेस संस्थापकाचे नाव देण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने परदेशी गेली. या समाजाच्या शाळांपुढे घटनेने एक अटही ठेवली होती. कलम ३३७ नुसार त्यांचे खास अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होऊन दहा वर्षांत संपावयाचे होते. आणि तोवरही ते मिळण्यासाठी दरवर्षीच्या प्रवेशांपैकी किमान ४० टक्के जागा अन्य समाजांना खुल्या असणे आवश्यक होते. शाळांची दारे केवळ उदारतेने उघडली असे मानण्याचे कारण नाही.

अशा शाळेच्या आवारातील जीवन 'हाउस' या व्यवस्थेभोवती फिरते. वेगवेगळ्या इयत्तांची मुले एका हाउसची असतात. खेळ, वक्तृत्व, शिस्त यांचे गुण एकट्या विद्यार्थ्याला नव्हे, तर हाउसला मिळतात. त्यामुळे दहावीचा मुलगा पाचवीच्या मुलाची चूक आपली मानतो. आपल्याकडे वसतिगृह म्हणजे राहण्याजेवणाची सोय, एवढेच बहुधा समजले जाते. तेथे तो शिक्षणाचाच भाग आहे.

चॅपेलचा प्रश्न नाजूक. कलम २८(३) प्रमाणे शासनमान्य वा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकाची संमती लागते. हिंदू, मुस्लिम, पारशी मुले ज्या आवारात राहतात, तेथे संमतीचा कागद दप्तरी ठेवून भागत नाही. शुक्रवारची नमाज, रोजे, जेवणातील पथ्ये यांचाही विचार वेळापत्रकातच व्हावा लागतो. मुस्लिम संस्थेच्या वसतिगृहात राहणाऱ्या अन्य धर्मीय मुलांसाठी आपण तो किती करतो, हेही तपासावे.

राहता राहिला शुल्काचा मुद्दा. सोसायटीच्या मूळ लांबलचक इंग्रजी नावात 'गरिबांचे शिक्षण' हे शब्द होते. आजच्या इंग्रजी निवासी शाळांचे शुल्क मात्र निपाणीच्या विडी कामगाराच्या आवाक्याबाहेरचे आहे.