खाजेची ट्यूब : दोन दिवसांचा आराम, वर्षभराचा त्रास

पावसाळा लागला की आमच्या वाशीम, रिसोड, मंगरुळपीर भागातील दवाखान्यांत खाजेच्या रुग्णांची रीघ लागते. निंदण-डवरणीच्या दिवसांत ओले कपडे दिवसभर अंगावर राहतात. मग जांघेत, काखेत, करदोड्याखाली गोल चट्टा उठतो. कडा लालसर व उंच, मधली कातडी बरीचशी साफ. हाच नायटा किंवा गजकर्ण. रक्त बिघडल्याने नव्हे, तर बुरशीमुळे तो होतो.

आजार तसा साधा. पण आपणच तो चिघळवतो. लाजेपोटी डॉक्टरांना न दाखवता मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणली जाते. अशा कित्येक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते. बुरशी मात्र मरत नाही. त्या जागेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे ती अधिकच पसरते. ट्यूब बंद केली की नायटा पुन्हा उसळतो. कातडी पातळ होते आणि जांघेत कायमचे पट्टे उमटतात. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांवर चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी घातली. माझ्याकडे आलेल्या एका शेतमजुराने आठ महिने अशी ट्यूब लावली होती. तोवर बायको आणि तान्ह्या लेकरालाही नायटा झाला होता. तिघांनाही एकाच वेळी औषध द्यावे लागले.

प्रत्येक चट्टा नायटा नसतो. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरातले सगळेच खाजवत असतील तर बहुधा खरूज असते. चट्टा फिकट किंवा लालसर असून खाजत नसेल, तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. घाबरू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळते. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो आणि वेळीच उपचार घेतल्यास हातापायांची विकृती टळते.

पुढील लक्षणे दिसताच मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा :
• नवीन गोळी सुरू केल्यावर पुरळ येऊन तोंड किंवा डोळे सोलवटणे, अंगावर फोड येणे
• ओठ वा चेहरा सुजून दम लागणे
• तापाबरोबर, दाबले तरी न मावळणारे लाल-जांभळे ठिपके

दवाखान्यात येताना लावलेल्या सगळ्या ट्यूबा व चालू गोळ्या सोबत आणा. त्या दिवशी चट्ट्यावर हळद, मलम, पावडर काही लावू नका. मूळ रूप दिसले तरच निदान होते. नायट्याचे औषध खाज थांबली म्हणून सोडू नका, डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे पुरे करा. टॉवेल वेगळा ठेवा. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवा. करदोडा काही दिवस काढून ठेवा.

आणि शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची ट्यूब मागून आणू नका. त्याचा आजार वेगळा असू शकतो.