म्हातारा सोबती – लेखांक ६ : बॅगेच्या पाठीमागची बारीक अक्षरं

पुण्यात कुत्र्याच्या कोरड्या खाण्याला सरसकट 'पेडिग्री' म्हणतात. बॅग कुठल्याही कंपनीची असो, दुकानात शिरणारा माणूस 'पेडिग्री द्या तीन किलो' असंच म्हणतो, जसा तो फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. मागच्या लेखांकात आपण म्हाताऱ्या कुत्र्याचे दात पाहिले. आज त्या दातांखाली काय जातं ते पाहू.

आमची काळी लॅब्रेडॉर अकरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिच्यासाठी 'सीनियर' असं ठळक छापलेली बॅग घरी आली. पुढच्या बाजूला पिकल्या तोंडाचा रुबाबदार कुत्रा, शेजारी चिकनची तंगडी, गाजर आणि हिरवेगार मटार. मागची बाजू वाचायला मात्र आईचं पोथी वाचायचं भिंग मागून आणावं लागलं. एकूण कारभार असाच असतो: पुढची बाजू जाहिरात विभागाची, मागची बाजू तुमच्या कुत्र्याची.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा रिवाज आहे. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. म्हणून 'पहिला घटक चिकन असेल तर माल चांगला' हा सल्ला टेकडीवर सकाळी फिरायला येणारा प्रत्येक जण देतो. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. हे वजन कच्च्या मालाचं असतं, आणि ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असतं. समजा शंभर किलो मालात ताजं चिकन २२ किलो, तांदूळ २०, मका १८ आणि तांदळाची कणी १२ किलो पडली. यादीत चिकन पहिलं. पण दाणे भाजून-वाळून बाहेर पडतात तेव्हा त्या २२ किलोंतले जेमतेम सात किलो उरतात. तांदूळ-मका मुळातच कोरडे, त्यांचं वजन फारसं हलत नाही. म्हणजे तुमच्या कुत्र्याच्या वाडग्यात चिकन पहिल्या नव्हे, चौथ्या नंबरावर येऊन बसलेलं असतं.

याच उदाहरणात आणखी एक गंमत आहे. तांदूळ आणि कणी वेगवेगळ्या लिहिल्या म्हणून चिकन वर राहिलं. दोन्ही मिळून ३२ किलो होतात, आणि 'तांदूळ' असं एकदाच लिहिलं असतं तर पहिला मान त्यालाच मिळाला असता. मक्याचंही तसंच: मका, मक्याचं ग्लूटेन, मक्याचं पीठ. एकाच घरातली तीन भावंडं वेगवेगळ्या रांगांत उभी केली की घर लहान दिसतं. यादी वाचताना आधी भावंडांची बेरीज करावी.

'चिकन मील' हा शब्द दिसला की लोक नाक मुरडतात. मील म्हणजे मांस, कातडी आणि बहुधा हाडंही शिजवून, चरबी वेगळी करून, वाळवून केलेली पूड. तिच्यात पाणी फक्त दहा टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिनं साठ-पासष्ट टक्के. म्हणून यादीत दुसऱ्या नंबरावरचं चिकन मील हे पहिल्या नंबरावरच्या ताज्या चिकनपेक्षा वाडग्यात जास्त प्रथिनं टाकू शकतं. 'बाय-प्रॉडक्ट' या शब्दाचीही अशीच उगाच बदनामी झाली आहे. काळीज, फुप्फुस, प्लीहा, आतडी हे सगळं त्यात येतं. ज्या मराठी घरात रविवारी वजडीसाठी भांडणं होतात आणि कलेजीचा तुकडा पाहुण्याला आधी वाढला जातो, त्या घराने बाय-प्रॉडक्टला नावं ठेवू नयेत. प्रश्न अवयवांचा नसतो, ते किती ताजे होते आणि कुठून आले याचा असतो. आणि नेमकं तेच कुठल्याही बॅगेवर छापलेलं नसतं.

तेव्हा यादीतून घटकांची नावं कळतात, दर्जा कळत नाही. मंडईतल्या आंब्याच्या पेटीवर 'हापूस' लिहिलेलं असतं, तितपतच.

यादीच्या खाली टक्केवारीचा चौकोन असतो: क्रूड प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर. यातला 'क्रूड' शब्द महत्त्वाचा. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. हा नायट्रोजन कोंबडीच्या छातीतला की आणखी कशातला, हे त्या आकड्याला समजत नाही. २००७ साली अमेरिकेत हेच महागात पडलं. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन सुमारे ६७ टक्के, म्हणजे एक किलो मेलामाइन कागदावर चार किलोंहून जास्त 'प्रथिन' दिसतं. मूत्रपिंडं निकामी होऊन कुत्री-मांजरं मेली, आणि मार्चपासून एकामागून एक ब्रँड बाजारातून परत घ्यावे लागले. अशी भेसळ हा अपवाद खरा, पण आकडा म्हणजे दर्जा नव्हे हे त्यातून पक्कं समजलं.

पिष्टाचा आकडा बहुतेक बॅगांवर नसतो, तो आपण काढायचा. प्रथिनं २४, चरबी १०, तंतू ४, ओलावा १० आणि राख (म्हणजे खनिजं) छापलेली नसेल तर अंदाजे ८ धरा. बेरीज ५६. उरलेले ४४ टक्के पिष्ट. पिष्ट म्हणजे विष नव्हे. नीट शिजलेला तांदूळ कुत्र्याला उत्तम पचतो. मध्यंतरी 'ग्रेन-फ्री'ची लाट आली होती, पण २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएने अशा काही खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध तपासायला घेतला, तेव्हा ती जरा ओसरली. कार्यकारणभाव शेवटपर्यंत पक्का झाला नाही. तरी भाताला घाबरून मसुराच्या आणि वाटाण्याच्या पिठाला दुप्पट पैसे मोजण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

आता 'सीनियर' या शब्दाकडे येऊ. जगभर ज्याचा आधार घेतात त्या अमेरिकेच्या आफ्को या संस्थेच्या पोषण-तक्त्यांत दोनच रकाने आहेत: एक वाढीचा आणि गाभणपणाचा, दुसरा प्रौढ कुत्र्याचा. म्हाताऱ्या कुत्र्याचा रकानाच नाही. त्यामुळे 'सीनियर' म्हणजे काय, हे ज्याची त्याची कंपनी ठरवते. टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली सीनियर खाद्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात एका कपातल्या कॅलरी २४६ पासून ४०८ पर्यंत निघाल्या. शब्द एकच, कप एकच, आणि एका कपात दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा. सांधे धरलेल्या लॅब्रेडॉरला वजन वाढवणारं खाणं 'सीनियर' म्हणून घालायचं, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजोबांना चौथ्या मजल्यावर बिऱ्हाड द्यायचं.

म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिनं कमी द्यावीत, मूत्रपिंडावर ताण येतो, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तो उलटा आहे. वय वाढलं की स्नायू झिजतात, आणि ते टिकवायला पचायला सोपी, चांगली प्रथिनं तरुणपणापेक्षा जास्तच लागतात. बंधन येतं ते मूत्रपिंडाचा आजार निदानात निघाल्यावर. तेव्हाही डॉक्टर आधी फॉस्फरसकडे पाहतात. हा फॉस्फरस मुख्यतः हाडांतून येतो. म्हणून स्वस्त, हाडांनी भरलेलं मील वापरलं की प्रथिनांचा आकडा फुगतो आणि त्याच्यासोबत राख आणि फॉस्फरसही चढतो. आफ्कोच्या तक्त्यात प्रौढ कुत्र्याच्या कोरड्या अन्नात फॉस्फरस किमान ०.४ टक्के आणि कमाल १.६ टक्के आहे. चौपट अंतर. दोन बॅगा या दोन टोकांना असू शकतात आणि दोन्हींवर चिकनचा फोटो सारखाच सुंदर असतो. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी घटकांचा दर्जा जोखायचा एकच आकडा निवडायचा झाला, तर मी हा निवडेन. नेमका हाच आकडा कित्येक बॅगांवर नसतो.

ग्लुकोसामाइन, क्रॅनबेरी, हळद, ग्रीन टी यांची नावं मात्र न चुकता असतात. यादीत मीठ शोधा. मीठ साधारण एक टक्क्याच्या आत असतं, तेव्हा मिठाच्या खाली जे जे आहे ते तोंडी लावण्यापुरतं. माशाचं तेल मिठाच्या वर असेल आणि त्यातल्या ईपीए-डीएचए या मेदाम्लांचा आकडा दिला असेल तर जरूर लक्ष द्या. सांधेदुखीत त्याचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे.

कायद्याचं काय, असा प्रश्न येतोच. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने 'अन्न' या शब्दाच्या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलं आहे, त्यामुळे आपल्या बिस्किटांच्या पुड्यासारखी एफएसएसएआयची राखण इथे नाही. भारतीय मानक ब्यूरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते ऐच्छिक आहे.

पुण्याच्या पावसाळ्यात मात्र उत्तम घटकांचीही माती होते. सहा किलोंचा पॉमेरियन दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खातो. त्याच्यासाठी स्वस्त पडते म्हणून दहा किलोंची बॅग आषाढात फोडली, तर ती नवरात्रापर्यंत पुरते. उघडी बॅग सहा आठवड्यांत संपावी. त्यापुढे दमट हवेत चरबी खवट होते, आणि मक्यावर बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिन हे तिचं विष थेट यकृतावर जातं. दुकानातल्या उघड्या पोत्यातून सुटं खाणं घेऊच नये. त्याला ना तारीख, ना यादी. घरी आणलेली बॅगही डब्यात ओतून फेकू नका. बॅगेसकट डब्यात ठेवा, म्हणजे बॅच नंबर हाताशी राहतो.

बॅग वाचून झाली की कुत्रा वाचा. पाठीच्या कण्यावरून दोन्ही अंगठे सावकाश मागे न्या. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. पोट सुटलेलं आणि कण्याशेजारी मात्र खड्डा, असं लागलं तर 'वयच झालं आता' म्हणून सोडून देऊ नका. खाण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, मग ते औंधचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असो की तुमच्या गल्लीतला दवाखाना. दुसरी खूण सकाळी रस्त्यावर उचलताना दिसते (उचलता ना?). शी ढीगभर आणि सैल असेल तर आत गेलेलं बरंचसं न पचता बाहेर आलं आहे. मग यादीत पहिला घटक कोणता आहे, याला फारसा अर्थ उरत नाही.

२०११ च्या वैधमापन नियमांनुसार बॅगेवर ग्राहकसेवेचा फोन नंबर छापणं बंधनकारक आहे. तो लावा आणि तीन गोष्टी विचारा: हे खाणं कुणी बेतलं आणि त्या माणसाचं शिक्षण काय, शंभर ग्रॅममध्ये कॅलरी किती, आणि फॉस्फरस किती. आकडे मिळाले तर बॅगेवरच पेनने लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. 'आमचं खाणं शंभर टक्के नैसर्गिक आहे' एवढंच उत्तर मिळालं, तर पुढची बॅग दुसऱ्या कंपनीची आणा.