गावची हवा चांगली असून भागत नाही

कोकणात आरोग्याचा विषय निघाला की रत्नागिरीकराचं उत्तर तयार असतं. आमच्याकडे हवा स्वच्छ, मासळी ताजी, अंगाला कष्टाची सवय. बीपी, शुगर आणि डिप्रेशन ही मुंबईकरांची दुखणी. पहिल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे आणि त्यापायी माणसं वेळेवर तपासायला जात नाहीत, म्हणून तो घातकही आहे.

वाढलेल्या रक्तदाबाला बहुतेक वेळा लक्षणच नसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस बागेत काम करत राहतो, म्हणून ‘मला काही नाही’ याला पुरावा म्हणता येत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातली साखर गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आपल्या ताटातलं मीठही मोजायला हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभरही नाही, एवढं मीठ सांगते. पावसात होड्या बंद झाल्या की घरोघरी सुकट, सुके बांगडे आणि खारं निघतं, पेजेसोबत लोणचं आणि पापड असतो. सुकी मासळी सोडायची गरज नाही. ती पाण्यात भिजत घालून ते पाणी फेकावं आणि त्या दिवशी लोणचं बाजूला ठेवावं.

भाताला मात्र उगाच बदनाम केलं जातं. भात खाल्ला म्हणून मधुमेह होतो असं नाही. डोंगरभर भात आणि त्याच्या काठाला चमचाभर आमटी, हे ताट चुकीचं. कुळथाची पिठी, मासळी, पालेभाजी वाढली आणि भात कमी केला की तेच ताट बरं होतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम. पण ‘शुगरला नाचणी चालते’ म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच, कारण पिष्टमय पदार्थ तिच्यातही आहेत.

आता मशेरी. या विषयावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्या बायकांच्या तब्येतीचं एवढं नुकसान करणारी आणि तरी व्यसनात न मोजली जाणारी दुसरी सवय मला दिसत नाही. तंबाखू तव्यावर काळा पडेपर्यंत भाजायचा, हातानं चुरायचा, डबीत भरायचा. सकाळी मागच्या पडवीत पायरीवर बसून तर्जनीनं हिरड्यांवर फिरवत राहायचं, पाव तास, अर्धा तास. कुणी टोकलं तर उत्तर ठरलेलं: ‘मशेरी सोडली तर दात हलतील गो! आणि पोट कसं साफ व्हायचं?’

दात मशेरीनं घट्ट होत नाहीत. उलट हिरड्या मागे सरतात, मुळं उघडी पडतात आणि हिरड्या बधिर असल्यानं दुखणं उशिरा कळतं. भाजल्यानं तंबाखूतलं निकोटिन नाहीसं होत नाही. ते तोंडाच्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात जातं. आतड्यांची हालचाल वाढवणं हा निकोटिनचा गुण आहे, म्हणून पोट साफ होतं. ते काम कोमट पाणी, भाज्या आणि फळं कॅन्सरचा धोका न देता करतात. गरोदरपणी मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. तोंडात पांढरा चट्टा, भरून न येणारी जखम किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात जावं.

मनाचा संबंधही इथेच येतो. ‘मशेरी लावली नाही तर डोकं धरतं, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही’ ही तक्रार खोटी नाही. रक्तातलं निकोटिन उतरलं की हे होतंच. पुन्हा बोट फिरवलं की बरं वाटतं आणि बाई समजते की मशेरी हे औषध आहे. खरं तर जी अस्वस्थता मशेरी घालवते, ती मशेरीनंच आणलेली असते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात, मग दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरतो. ‘इतक्या वर्षांची सवय, आता सोडली तर जिवावर बेतेल’ ही भीती निराधार आहे. मदतीसाठी १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. घरातल्या पुरुषांनी बायकोची किंवा आईची डबी लपवून मदत होत नाही, हेही सांगायला हवं. पहिल्या आठवड्यात तिच्या वाट्याचं थोडं काम उचलणं जास्त उपयोगी पडतं.

पुरुषांचा असाच समज दारूचा: ‘एक क्वार्टर घेतली की झोप छान लागते.’ लागते लवकर, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती पुन्हा पुन्हा मोडते, पहाटे घाम येऊन जाग येते आणि दिवस जड जातो. १ जूनपासून मासेमारी बंद होते, हातात काम नसतं, तेव्हा हे चक्र जास्त फिरतं.

व्यायामाबद्दल थोडक्यात. रोज १० हजार पावलं झालीच पाहिजेत हा नियम वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना तो आकडा रूढ झाला. आठवड्याला १५० मिनिटं दम थोडा वाढेल अशी हालचाल पुरते, आणि लावणी, कापणी, विहिरीवरून पाणी आणणं हे सगळं त्यात धरतात. पण लावणीचे दिवस वर्षाला किती? उरलेल्या महिन्यांसाठी भाट्येच्या किनाऱ्यावरच्या वाळूत किंवा घराजवळच्या पाखाडीवर चालायला जावं.

सगळ्यात जास्त गैरसमज मनाच्या आजाराबद्दल आहेत, आणि तेही ज्या रत्नागिरी शहरात १८८६ पासून मनोरुग्णालय उभं आहे तिथं. त्या इमारतीकडे बोट दाखवून आपण एवढंच शिकलो की मनाचा आजार म्हणजे कपडे फाडणं, ओरडणं. उदासीनता बहुधा ओरडत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली आढळली आणि हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या. या आकड्यांमागे मुंबईला गेलेली मुलं आणि मागे राहिलेल्या आया आहेत. शिमगा आणि गणपती सोडले तर कित्येक घरांत एकच माणूस जेवतं. अशा म्हातारीला भूक लागत नाही, पाठ दुखते, पहाटे तीनला जाग येते, भजनाला जावंसं वाटत नाही. शेजारी म्हणतात, वय झालं. दोन आठवडे हे रोज टिकलं तर त्याला वय म्हणू नये. तो उपचारानं बरा होणारा आजार असू शकतो. थायरॉइड आणि रक्तक्षय यांनीही असंच वाटतं, म्हणून रक्त तपासावं.

‘बाहेरचं लागलंय’ म्हणून भगताकडे कौल लावण्यात महिने जातात. भूत उतरवायला साखळीनं बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. ‘मन खंबीर कर’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण आजारी माणसाला तो दोष दिल्यासारखा लागतो. उदासीनतेवरची औषधं झोपेच्या गोळ्या नसतात, त्यांचं व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून सोडू नयेत आणि बरं वाटल्यावर डॉक्टरांना न विचारता बंदही करू नयेत. एकदा मनोरुग्णालयात गेलं की माणूस परत येत नाही, ही भीतीसुद्धा जुनी झाली: बाह्यरुग्ण विभागात तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी जाता येतं, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं स्वतःहून दाखल झालेल्याला सर्वसाधारणपणे स्वतःहून घरी जाण्याचा हक्क दिला आहे.

तिथवर जायचं धाडस होत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं, आणि गरज असेल तर समुपदेशक पुढे मनोविकारतज्ज्ञांशी जोडून देतात. मुंबईतल्या मुलालाही गावच्या आईबद्दल विचारण्यासाठी तो लावता येतो.