सामाईक भिंत

वाईच्या गंगापुरीतल्या एका जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाशेजारी विजेचे पाच मीटर ओळीने लावले आहेत. वाडा एक, बिऱ्हाडं पाच. मधली भिंत पावसाळ्याआधी दुरुस्त करायची, आणि तीही मातीतच, यावर पाचही घरांचं एकमत झाल्याचं कळलं, म्हणून मी तिथे गेले. भाऊबंदकीच्या वाड्यात असं सहसा घडत नाही.

दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब-तुळया आणि त्यांच्यामध्ये कच्च्या विटांची दोन हात रुंद भिंत. वाटणी खणांनी झाली: थोरल्याला पाच, धाकट्याला चार, सोप्याकडचे भाडेकरूंकडे. वाटणीपत्रात भिंत ‘सामाईक’ राहिली आणि ज्याने त्याने आपापल्या बाजूने तिचं हवं ते केलं. अलीकडे पांढऱ्या मातीचं लिंपण होतं. पलीकडे न्हाणीसाठी सिमेंटचा गिलावा आणि फरशा.

गवंडीमामांनी त्या गिलाव्यावर बोटांनी टिचकी मारली. पोकळ वाजला. थापीचं टोक घालताच हातभर पापुद्रा सुटला आणि मागची माती सैल भिजवलेल्या कणकेसारखी खाली आली. जोत्यातून चढलेली ओल मातीच्या भिंतीतून उडून जाते. सिमेंटने तिची वाट बंद केली होती. वरून चकचकीत दिसणारी ती भिंत आतून किती वर्षं सोसत होती, या विचाराने मी तिथून हलूच शकले नाही.

चौकात माती भिजत पडली होती. पांढरी माती, शेण, गव्हाचं भुसकट. रोज पायाने तुडवायची. तिचा आंबूस, गोठ्यासारखा वास पार माजघरापर्यंत पोचत होता. मला तो पुनःपुन्हा चौकात ओढत होता. “तीन दिवस मुराया पायजे,” मामा म्हणाले. “त्याआधी हात लावायचा न्हाय.” थोरल्या घरच्या दादांनी घाई केली, तेव्हाही उत्तर तेच : तीन दिवस.

मातीबद्दलची भीती खोटी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा पाण्यात राहिलेल्या मातीच्या भिंती बसल्या. किल्लारीला १९९३ मध्ये दगडमातीची घरं माणसांवर कोसळली. पण इथे छपराचा भार लाकडी सांगाड्यावर आहे. “कोयनेच्या धक्क्याला भेग पडली, वाडा नाही पडला,” थोरल्या घरच्या काकू म्हणाल्या. ते साल १९६७.

पलीकडची न्हाणी आता परसात हलणार आहे. धाकट्या घरच्या वहिनींना ते जड गेलं; रात्री अंधारात परसात जावं लागेल, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. तिथे दिवा लावायचं ठरलं, तेव्हा त्या तयार झाल्या. खर्चाचे पाच वाटे पडले. भाड्याच्या जागेची डागडुजी १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाची. तरी भाडेकरूंनी आपला वाटा आधी आणून दिला.